हाडाआधीचा साचा

सोनारीस भैरवनाथाच्या देवळापाशी प्रसादासाठी पुढे आलेला माकडाचा हात पाहावा. दंड, कोपर, पाच बोटे, ठेवण आपलीच. दोघांच्या गर्भात ती एकाच क्रमाने घडते.

गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या अखेरीस मानवी गर्भाला हाताचा अंकुर फुटतो. पायाचा थोडा मागून. आतल्या पेशी दाटीने एकत्र येतात आणि सहाव्या आठवड्यात कूर्चेचा, म्हणजे कानाच्या वरच्या भागात बोटांना लागते तशा लवचिक द्रव्याचा, साचा तयार होतो. आठव्या आठवड्याच्या सुमारास मधोमध हाड धरू लागते. कूर्चेचेच हाड होते, हे म्हणणे ढोबळ झाले. बहुतेक कूर्चा झिजते, रक्तवाहिन्या आत शिरतात व त्यांच्याबरोबर आलेल्या पेशी नवे हाड रचतात.

१९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेल्या आणि १९६१ साली तेथे मागे घेतलेल्या थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाने हा अंकुरच खुंटवला. हजारो मुले आखूड हातापायांची जन्मली. अंकुर फुटतो त्या दिवसांत पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याचे ठाऊकही नसते.