तांबडे पडणारे आकाश

तंजावरच्या लष्करी विमानतळाचा अधिकृत इतिहास थोडक्यात आटोपतो. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलाच्या वापरात होता, पुढे त्याचे महत्त्व ओसरले, २७ मे २०१३ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी नव्याने उभारलेल्या तळाचे उद्घाटन केले आणि २० जानेवारी २०२० रोजी ब्राह्मोस क्षेपणास्त्र वाहणाऱ्या सुखोई-३० विमानांचे २२२ क्रमांकाचे स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ तुकडी, तेथे दाखल झाले. या इतिहासात रंगांचा विचार नसतो. वास्तविक महायुद्धाच्या काळातील विमाने आणि गणवेश डोळ्यांसमोर आणायचे तर रंगच सर्वांत आधी दगा देतात.

सिंगापूर आणि जावाच्या लढायांत जवळजवळ नष्ट झालेले ब्रिटिश हवाई दलाचे ३६ क्रमांकाचे स्क्वाड्रन ऑक्टोबर १९४२ मध्ये तंजावर येथे पुन्हा उभे करण्यात आले आणि त्याला समुद्रावरील गस्तीसाठी वेलिंग्टन विमाने मिळाली. या विमानाचा सांगाडा बार्न्स वॉलिस यांच्या रचनेप्रमाणे धातूच्या जाळीचा असे आणि त्यावर ताणलेल्या कापडाला डोप हे लाखेसारखे रसायन फासून कडकपणा आणला जाई. त्याच सुमारास पूर्वेकडील आघाडीवर ब्रिटिश विमानांच्या राउंडेलमधून, म्हणजे पंखांवरील वर्तुळाकार ओळखचिन्हातून, मधला तांबडा ठिपका काढून टाकण्यात आला, कारण जपानी विमानांवर तांबडी चकतीच असल्याने गडबडीत स्वपक्षाच्याच विमानावर गोळ्या झाडल्या जाण्याचा धोका होता. राहिले ते निळे आणि पांढरे, पुढे गडद व फिके निळे. जमिनीवरचे कर्मचारी सुती खाकीत असत आणि युद्धाच्या उत्तरार्धात पूर्वेकडे जंगली हिरवा गणवेश रूढ झाला.

हे रंग कृष्णधवल फिल्मवर ओळखणे अवघड असते, कारण तांबड्या प्रकाशाला दाद न देणाऱ्या जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तांबडा रंग काळाकुट्ट आणि निळा फिकट उतरतो. रंगीत फिल्म आली म्हणून अडचण संपली नाही. ती अधिक फसवी झाली, असेच म्हणावे लागते.

रंगीत फिल्मवरील चित्र पिवळा, किरमिजी आणि निळसर-हिरवा, ज्याला सायन म्हणतात, अशा तीन रंगद्रव्यांच्या थरांनी बनते आणि प्रत्येक द्रव्य प्रकाशाचा आपापला हिस्सा शोषून घेते. १९३५ च्या कोडाक्रोममध्ये ही द्रव्ये तयार करणारी रसायने फिल्म धुताना बाहेरून पुरवली जात, त्यामुळे अंधारात ठेवलेले कोडाक्रोमचे रीळ दीर्घकाळ टिकते. १९५० मध्ये आलेल्या ईस्टमनकलरमध्ये ती रसायने फिल्मच्याच थरांत असत. काम सोपे आणि स्वस्त झाले, पण अनेक वर्षे त्यावर काढलेल्या प्रतींतील सायन द्रव्य, उष्ण हवेत तर विशेष लवकर, डब्यात बंद असतानाही विरत जाते. सायन हा तांबडा प्रकाश अडवणारा थर असल्याने तो विरला की तांबडा प्रकाश मोकळा होतो आणि चित्रावर गुलाबी-तांबडी झाक चढते. निळा रंग सायन व किरमिजी यांच्या, तर हिरवा सायन व पिवळा यांच्या मिश्रणाने उमटत असल्याने पहिला घाव याच दोन रंगांवर बसतो. हवाई दलाचे बहुतेक सारे रंग नेमके याच दोन रंगांत येतात: आकाश, निळसर राखाडी गणवेश, जंगली हिरवा, आणि १९५० नंतरच्या भारतीय राउंडेलचा हिरवा गाभा. ज्या तांबड्याला युद्धात विमानांवरून हद्दपार केले, तोच असा फिल्मवर परत येतो.

ही प्रक्रिया ठाऊक नसेल तर वैमानिक नायकाचा ‘संगम’ (१९६४) किंवा दिलीप चित्रे यांची पटकथा असलेला, गोविंद निहलानी यांनी स्वतःच चित्रित केलेला ‘विजेता’ (१९८२) अशा चित्रपटांची कोणती प्रत पाहिली, हे न सांगता गणवेशाच्या छटेवर वाद घालणे व्यर्थ ठरते.

संगणकावर रंगदुरुस्ती करता येते, परंतु विरलेल्या द्रव्याची नेमकी मात्रा बहुधा तर्कानेच भरावी लागते आणि कृष्णधवल चित्रफितींना नव्याने रंग देताना तर सारीच भिस्त तर्कावर असते; अशा फितीत खाकी पिवळट दिसली तर तो रंग भरणाऱ्याचा कौल, पुरावा नव्हे. याउलट तंजावरच्याच बृहदीश्वर मंदिरातील चोलकालीन भित्तिचित्रे नायककालीन चित्रांच्या थराखाली झाकली गेली आणि १९३१ मध्ये उजेडात आली. तेथे निदान खाली अस्सल रंग शिल्लक होता. फिल्मवरून विरलेल्या रंगाखाली असे काहीच नसते. शिवाय ॲसिटेटची जुनी फिल्म दमट हवेत आंबूस वास सोडत आक्रसते आणि मग ती यंत्रावर धडपणे चढतही नाही.

पडताळ्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणूनच गणवेशाचे कापड होय, कारण शिवणीच्या आत दुमडलेल्या भागावर ऊन पडत नाही आणि धुण्याची झीजही तेथे कमी पोचते, त्यामुळे मूळ रंगाची जवळची छटा तेथे सापडते. ज्या घरांत हवाई दलातील आजोबांचा गणवेश आणि आठ किंवा सोळा मिलिमीटरचे रीळ दोन्ही असतील, त्यांनी रीळ जुन्या प्रक्षेपकावर चढवून पाहू नये, ते थंड व कोरड्या जागी ठेवावे, डब्यावरील फिल्मचे नाव पुसू नये आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधताना गणवेशाची आतली शिवणही आवर्जून दाखवावी.