भाकरीबरोबर विचारपूसही हवी



या पानावर मी एरवी लागण, खोडवा आणि खतांचे हप्ते यांविषयी लिहितो. आजचा विषय वेगळा असला तरी आपल्याच ओट्यावरचा आहे.

गेल्या हंगामात लागणीच्या नोंदी घेताना एका जुन्या सभासदांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी घाईत नमस्कार केला आणि मुलाशी बोलू लागलो. जात, तारीख, गट नंबर लिहून झाले. निघताना ते म्हणाले, "साहेब, खालच्या तुकड्यात पाणी साचतंय. पण आता मला कोण विचारतंय?" ज्यांनी ते रान वहितीला आणले, त्यांना मीही विचारले नव्हते. मनाला फार लागले.

आपल्याकडे बहुतेक घरांत वडीलधाऱ्यांना भाकरी कमी पडत नाही. पण जमीन मुलांच्या नावावर होते, शेअर्स वर्ग होतात, बैल जाऊन ट्रॅक्टर येतो. जोडीदार जातो, कान मंद होतात. आधी काम सुटते, मग व्यवहार सुटतो आणि शेवटी बोलणेही सुटते. घर भरलेले असूनही माणूस एकटा पडतो.

हा नुसता मनाचा खेळ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार एकटेपणाशी निगडित मृत्यू जगात दरवर्षी सुमारे ८ लाख ७१ हजार होतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण टाळता येण्याजोगी १४ कारणे दिली. त्यांत एकलकोंडे जिणे, उदासीनता आणि ऐकू न येणे ही तिन्ही आहेत. म्हणून कान तपासून घेणे हाही उपचारच समजावा.

घरच्यांनी काय करावे?

१) झेपेल ते काम त्यांच्याकडेच ठेवा. डेअरीला दूध पोरगा मोटारसायकलवरून दोन मिनिटांत घालून येतो, हे खरे. पण आजोबा गेले तर वाटेत चार माणसे भेटतात.

२) शेतीचा निर्णय घेताना सल्ला विचारा. तो मानलाच पाहिजे असे नाही, पण विचारलाच पाहिजे.

३) आजीचे भजन, हरिपाठ, माहेरचे येणेजाणे बंद पडू देऊ नका. गुडघे दुखत असतील तर देवळापर्यंत नातवाने सोडून यावे.

४) जेवण तुटले, झोप उडाली, "आता जगून काय करायचं" अशी भाषा सुरू झाली, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. हा उदासीनतेचा आजार असू शकतो आणि तो औषधाने व बोलण्याने बरा होतो. डॉक्टरांना दाखवा. 'टेलिमानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे.

वडीलधाऱ्या सभासदांनाही एक सांगणे आहे. सगळे एकदम नावावर करून हात रिकामे करू नका. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे, अशी अट असून सांभाळ झाला नाही तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येते. पोटगीसाठीही प्रांतसाहेबांकडील न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

खोडव्यातल्या नांग्या आपण वेळेत भरतो. उशीर झाला की रोप लागत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. घरातल्या नांगीचेही तसेच आहे.

त्या सभासदांकडे मी आठ दिवसांनी परत गेलो. त्यांना घेऊन बांधाने फिरलो. जुना ओघळ कुठून वाहत होता, ते त्यांनी काठीने दाखवले. मुलाने तिथेच चर काढला आणि पाणी निघून गेले. आता नोंदीला गेलो की चहा तेच सांगतात.

पुढच्या वेळी आमचा माणूस नोंदीला येईल, तेव्हा वडिलांना शेजारी बसवा. एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी