मृतांच्या पुनरुत्थानाची वाट पाहणारे संगीत

रविवारच्या मिस्साबलिदानात नायसियाचा विश्वासांगीकार म्हणताना शेवटच्या ओळींपाशी आपला वेग बहुधा वाढलेला असतो. मृतांच्या पुनरुत्थानाची आपण वाट पाहतो, असे म्हणून आपण ‘आमेन’ म्हणतो आणि पुढील प्रार्थनांकडे वळतो. या एकाच वाक्यावर विसाव्या शतकातील एका थोर कॅथोलिक संगीतकाराने अर्ध्या तासाहून थोडी मोठी संगीतरचना केली. तिचे नावही त्याने विश्वासांगीकाराच्या लॅटिन पाठातूनच घेतले : ‘एत एक्स्पेक्तो रेझुर्रेक्सिओनेम मोर्तुओरुम’. तिच्यात एकही गायक नाही, एकही शब्द उच्चारला जात नाही. तरीही आमच्या मते आधुनिक काळात या श्रद्धासत्याचे इतके ठाम निरूपण फार थोड्या ठिकाणी सापडेल.

संगीतकाराचे नाव ओलिव्हिए मेसियाँ. १० डिसेंबर १९०८ रोजी फ्रान्समधील आव्हिन्यों येथे त्यांचा जन्म झाला. आई कवयित्री, वडील इंग्रजीचे शिक्षक व शेक्सपिअरचे भाषांतरकार. अकराव्या वर्षी पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात प्रवेश मिळाला, आणि १९३१ साली त्याच शहरातील पवित्र त्रैक्याच्या चर्चमध्ये ते ऑर्गनवादक झाले. २७ एप्रिल १९९२ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे साठ वर्षे, ती सेवा त्यांनी सोडली नाही. जगभर कीर्ती पसरल्यावरही रविवारी ते ऑर्गनपाशी बसत.

युद्ध त्यांना ऐकून ठाऊक नव्हते. १९४० साली जर्मन सैन्याने त्यांना पकडले व ग्यॉर्लित्स येथील बंदिछावणीत ठेवले. तेथेच १५ जानेवारी १९४१ रोजी, सहबंदिवानांसमोर, त्यांची ‘काळाच्या समाप्तीसाठी चौकडी’ ही रचना प्रथम वाजली. पुढे फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी दोन्ही महायुद्धांतील मृतांच्या स्मरणार्थ एखादी रचना करावी अशी विनंती केली, तेव्हा ती अशा माणसाकडे आली होती. सरकारला स्मारक हवे होते. शोकगीत किंवा वीरांचे गौरवगान लिहिले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. मेसियाँ यांनी मात्र मृतांना काय मिळणार आहे, याविषयीच लिहायचे ठरवले. १९६४ साली फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात राहून त्यांनी ही रचना केली. त्या काळात ते संत थॉमस अक्वायनस यांचे पुनरुत्थानाविषयीचे विवेचन पुन्हा वाचत होते. प्राचीन मेक्सिकोचे पिरॅमिड, इजिप्तची मंदिरे आणि युरोपातील जुनी चर्चेस यांची चित्रेही त्यांनी भोवती ठेवली होती.

वाद्यांची निवड पाहण्यासारखी आहे. या वाद्यवृंदात व्हायोलिन नाही, कोणतेच तंतुवाद्य नाही. बासऱ्या, ओबो, क्लॅरिनेट, बसून, ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्युबा ही फुंकून वाजवण्याची वाद्ये आणि त्यांच्या जोडीला केवळ धातूची आघातवाद्ये : घंटा, गुरांच्या गळ्यातील घंटांसारख्या सुरांत लावलेल्या घंटा, गाँग आणि टॅम-टॅम नावाच्या प्रचंड थाळ्या. आपल्याकडे सणाच्या मिरवणुकीत किंवा अंत्ययात्रेत बँड ऐकलेल्या वाचकांना यामागचे कारण लगेच उमजेल. फुंकवाद्याचा आवाज मोकळ्या हवेत आणि दगडी कमानींखाली विरत नाही. ही रचना विशाल जागांसाठी, कॅथेड्रलसाठी, अगदी डोंगरमाथ्यासाठी आहे, असे मेसियाँ यांचे म्हणणे होते. आल्प्समधील मेज या हिमशिखरासमोर ती वाजावी अशी इच्छाही त्यांनी बोलून दाखवली होती.

रचनेचे भाग पाच असून प्रत्येकाच्या माथ्यावर पवित्र शास्त्रातील वचन आहे. पहिला भाग स्तोत्र १३०चा, जे स्तोत्र ख्रिस्तसभा शतकानुशतके मृतांसाठी म्हणत आली आहे. खर्जातील पितळी वाद्ये खोल गर्तेतून वर येऊ पाहतात आणि अखेर आक्रोश फुटतो. दुसऱ्या भागाचे वचन रोमकरांस पत्रातील : उठलेल्या ख्रिस्तावर मरणाची सत्ता उरलेली नाही.

तिसऱ्या भागात योहानाच्या शुभवर्तमानातील तो क्षण आहे, जेव्हा मेलेले देवपुत्राची वाणी ऐकतील. ही वाणी संगीतात कशी आणावी? मेसियाँ पक्ष्यांच्या बोलांचे निस्सीम अभ्यासक होते. रानोमाळ हिंडून ते बोल स्वरलिपीत उतरवून घेत. येथे त्यांनी अ‍ॅमेझॉनच्या अरण्यातील उइरापुरू हा पक्षी निवडला, कारण मरणाच्या घटकेला त्याचे गाणे ऐकू येते अशी समजूत आहे. पक्षी गातो, घंटा वाजतात आणि मग टॅम-टॅमचा नाद हळूहळू वाढत सर्व काही व्यापून टाकतो.

चौथा भाग गौरवी देहांचा. त्यात ईस्टरच्या मिस्साचे ग्रेगोरियन प्रवेशगीत घंटांवर व आलेलुया ट्रम्पेटवर येते, आणि त्यांच्या संगतीला चंडोल जातीचा एक पक्षी गातो. प्रकटीकरणातील अगणित समुदायाचा घोष पाचव्या भागात आहे : सारा वाद्यवृंद एकच सूर घेऊन चालतो आणि खाली गाँगचे ठोके अखंड पडत राहतात.

महाराष्ट्रातील वाचकांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. या रचनेत ‘सिंहविक्रम’ नावाचा भारतीय ताल आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या, यादव दरबारात असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात एकशेवीस देशी तालांची यादी दिली. तरुण मेसियाँ यांना ती एका फ्रेंच संगीतकोशात सापडली आणि आयुष्यभर त्यांनी ते ताल वापरले. यहूदाच्या सिंहाची उपमा ठाऊक असलेल्या ख्रिस्ती मनाला हे नाव येथे परके वाटत नाही.

७ मे १९६५ रोजी पॅरिसच्या सेंत-शापेल या प्रार्थनामंदिरात सर्ज बोदो यांच्या संचालनाखाली रचना प्रथम सादर झाली. राजा संत लुई यांनी काट्यांच्या मुकुटासाठी बांधलेले हे मंदिर १२४८ साली अभिषिक्त झाले. त्याच्या भिंती म्हणजे जवळपास रंगीत काचाच आहेत. मेसियाँ यांना सूर ऐकताना मनात रंग दिसत. सकाळची वेळ ठरवली होती ती काचांतून ऊन आत यावे म्हणून. त्याच वर्षी २० जून रोजी शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये, राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांच्या उपस्थितीत, ती पुन्हा वाजली.

ज्यांना ऐकावेसे वाटेल त्यांनी मेसियाँ यांचे शिष्य पिएर बुलेझ यांच्या संचालनाखालील ध्वनिमुद्रण शोधावे. प्रथम ऐकताना सूर कठोर वाटतील, ओळखीची चाल हाती लागणार नाही. अशा वेळी चौथ्या भागातील ईस्टरचे आलेलुया कानांनी धरून ठेवावे. आवाज फार कमी ठेवू नये, नाहीतर तिसऱ्या भागातील टॅम-टॅमचा आरंभ ऐकूच येणार नाही. भागांच्या मध्ये दीर्घ शांतता लागेल. ती संगीतकारानेच मागितलेली आहे.