आईच्या अंधारातून बाळाला मिळणारं औषध

पाली या कोळ्यांच्या गावाच्या किनाऱ्यावर घड्याळापेक्षा भरती-ओहोटीला मान. होड्या अपरात्री लागल्या तरी दिव्याखाली बसून मासळी निवडावी लागते, बोंबील सुकवायला वलांडीवर चढवावे लागतात. त्या बायकांत एखादी पोटुशी असली, तर तिच्या डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाची खबर पोटातल्या बाळालाही लागते.

अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक सोडते. रात्रीच्या प्रखर उजेडात ते घटतं. १९५८ साली येल विद्यापीठात आरन लर्नर यांनी ते गुरांच्या पिनियल ग्रंथींतून वेगळं केलं. गर्भाला स्वतःचं मेलाटोनिन पुरेसं बनवता येत नाही. आईचं वारेतून सहज पार होतं, आणि वारही थोडं बनवते.

झोपेच्या या संप्रेरकाकडे संशोधक वळले ते दाहामुळे. गर्भजलात जंतुसंसर्ग झाला की दाह पेटवणारी सायटोकाइन्स ही रसायनं उसळतात. जंतू पोचले नाहीत तरी हा दाह बाळाच्या कोवळ्या मेंदूतल्या, चेतातंतूंना वेष्टण घालणाऱ्या पेशींना मारू शकतो. पुढे सेरेब्रल पाल्सीचा धोका वाढतो. गाभण उंदरांना जंतूंच्या कवचातला अंश टोचून असाच दाह घडवला आणि सोबत मेलाटोनिन दिलं, तेव्हा पिल्लांची हानी कमी झाली.

माणसांत मात्र संसर्गाच्या दाहावर ते सिद्ध झालेलं नाही. वेगळ्या एका आजारात, म्हणजे गर्भारपणात रक्तदाब धोकादायक वाढवणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियात, ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या गटाने २० गर्भवतींना ते रोज तीनदा १० मिलिग्रॅम दिलं. आधीच्या रुग्णांच्या तुलनेत गर्भारपण सरासरी सहा दिवस लांबलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी हे सहा दिवस फार मोठे आहेत, पण तेवढ्यावर गोळी हाती देता येणार नाही.

परदेशातला उपाय इथे तपासावाच लागतो, हे हेलिक्स चाचणीने दाखवलं. जन्मताना गुदमरलेल्या बाळांना ७२ तास ३३.५ अंश सेल्सिअसवर थंड ठेवणं श्रीमंत देशांत रूढ आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयासह भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर ते तपासलं. २०२१ साली निष्कर्ष आले. थंड ठेवलेल्यांत ४२ टक्के बाळं दगावली, इतरांत ३१ टक्के. इथल्या काही बाळांच्या मेंदूला इजा प्रसूतीआधीच झालेली असावी, अशी शंका त्यातून बळावली. म्हणूनच गर्भातच संरक्षण देण्याची कल्पना मला मोलाची वाटते.

दुकानातली मेलाटोनिनची गोळी गर्भवतीने आपल्या मनाने घेऊ नये. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, पाणी जाणं किंवा बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावं. संसर्ग वेळेत ओळखला, तर त्यावरची प्रतिजैविकं आजही हाताशी आहेत.