ग्रँटसाहेबांच्या हॉटेलचे नवे मालक

सॅन डिएगो : इथे शहराच्या ऐन मध्यावर ‘यू. एस. ग्रँट’ नावाचं जुनं, भारदस्त हॉटेल आहे. राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या मुलाने ते वडिलांच्या नावाने बांधलं आणि 1910मध्ये सुरू केलं. 2003मध्ये ते विकत घेतलं सिक्वान या आदिवासी गटाने. गंमत अशी की, 1875मध्ये याच ग्रँटसाहेबांच्या सहीने सिक्वानच्या लोकांना डोंगराकडची एक चौरस मैल जमीन ‘राखीव’ म्हणून मिळाली होती. ज्यांचे पूर्वज समुद्रापासून वाळवंटापर्यंत नांदले, त्यांच्या पदरात एक चौरस मैल! इथले लोक हा किस्सा मोठ्या चवीने सांगतात आणि सांगून झाला की हिशेब फिटला असं समजतात. मला तो फिटलेला दिसत नाही.

सिक्वान हा कुमेयाय समाजाचा एक गट. या समाजाचे डझनभर सरकारमान्य गट सॅन डिएगो परगण्यात विखुरलेले आहेत, काही वस्त्या सरहद्दीपलीकडे मेक्सिकोत आहेत. किती काळापासून? आपली कितीतरी मराठी मुलं इथल्या ज्या विद्यापीठात शिकतात, त्याच्या कुलगुरूंच्या ला होया इथल्या निवासाच्या आवारात 1976मध्ये दोन सांगाडे सापडले. त्यांचं वय नऊ हजार वर्षांहून अधिक निघालं. कुमेयायांनी ते दफनासाठी मागितले, तर काही शास्त्रज्ञ त्याविरुद्ध कोर्टात गेले. ताबा मिळायला 2016 उजाडलं.

स्पॅनिश पाद्री इथे आले 1769मध्ये. कॅलिफोर्नियातलं त्यांचं पहिलं मिशन इथलंच. 1775मध्ये शेकडो कुमेयायांनी एका रात्री ते जाळलं. पर्यटकांना मिशन कौतुकाने दाखवतात, जाळपोळीचा उल्लेख एका वाक्यात उरकतात. पुढे अमेरिका आली. 1852मध्ये सांता इसाबेलला करार झाला, जमिनीचं आश्वासन दिलं गेलं; पण सिनेटने कॅलिफोर्नियातल्या अशा अठराही करारांना मंजुरी नाकारली आणि कागद 1905पर्यंत गुप्त ठेवले.

त्यानंतरची गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. 1930च्या दशकात शहराला पाणी हवं होतं म्हणून एल कॅपिटन धरण बांधलं आणि त्यासाठी कॅपिटन ग्रांदे या राखीव खोऱ्यातल्या कुटुंबांना उठवलं. हे सरळसरळ धरणग्रस्त. मोबदल्याच्या पैशातून काहींनी बरोना इथे जमीन घेतली, काहींनी व्हिएहास इथे. आज परगण्यातले दोन बडे कसिनो उभे आहेत ते याच जमिनींवर. आदिवासी म्हणजे ‘फुकटचे कसिनोवाले’ असं इथे सर्रास ऐकू येतं. असं बोलणाऱ्याच्या घरातल्या नळाचा इतिहास त्याला कुणी सांगितलेला नसतो. शिवाय कसिनोचा पैसा सगळ्या गटांना सारखा मिळत नाही आणि सरहद्दीपलीकडच्या भाऊबंदांच्या वाट्याला तर तो जवळपास नाहीच. तिकडे सान होसे दे ला सोरासारख्या वस्तीत बायका अजून लव्हाळ्याच्या टोपल्या विणतात आणि त्या विकून चार पैसे मिळवतात.

ही सरहद्द 1848ची. आधी ती कागदावरच होती, लोक पाहुण्यारावळ्यांकडे जात-येत. डेल्फिना क्वेरो ही बाई सॅन डिएगो भागात जन्मली. पण जमिनी जात राहिल्या तसं तिचं कुटुंब दक्षिणेला सरकत गेलं. मधल्या काळात सरहद्द कडक झाली आणि परतायचं तर जन्माचा दाखला हवा! अभ्यासक फ्लॉरेन्स शिपेक यांनी तिची हकिगत टिपून घेतली. कोणती वनस्पती कुठे उगवते, कोणत्या किनाऱ्यावर काय वेचायचं, हे तिला तोंडपाठ होतं. ते आत्मकथन 1968मध्ये छापलं गेलं. 2020मध्ये सरहद्दीवर भिंतीसाठी खोदकाम सुरू झालं तेव्हा पूर्वजांच्या दफनभूमी उकरल्या जातील म्हणून ला पोस्टा हा कुमेयायांचा गट कोर्टात गेला. कोर्टाने काम थांबवलं नाही.

एवढं होऊनही टिकलं काय, असं कुणी विचारलं तर मी आधी गाण्यांचं नाव घेईन. ‘पक्षीगीतं’ म्हणतात त्यांना. पुरुष ओळीने उभे राहतात, हातात सुकलेल्या भोपळ्याचे खुळखुळे, समोर बायका तालावर पुढे-मागे पावलं टाकतात. कुणी गेलं की ही गाणी रात्रभर, पहाटेपर्यंत चालतात. कोणतं कोणत्या वेळी म्हणायचं, याचा क्रम ठरलेला. कसिनोचा एक डॉलर दिसण्याआधी, सगळ्यात हलाखीच्या काळात, म्हाताऱ्या गायकांनी ती जपली. म्हणून ‘पैशाने संस्कृती परत आणली’ हे बोलणं मला पटत नाही. पैशाने वर्ग निघाले, संग्रहालय झालं, हे मात्र खरं.

दुसरं टिकलं ते शावी. ओकची कडू बोंडं वाळवायची, सोलायची, कुटायची, पिठावर पाणी ओतत राहून कडवटपणा घालवायचा, मग शिजवायचं. निवलं की पिठल्यासारखं थिजतं. मीठ नाही, मसाला नाही. आपल्या जिभेला ते बेचवच लागणार. पूर्वी हे पीठ खडकातल्या उखळांत कुटत. डोंगरात ग्रॅनाइटच्या सपाट कातळावर अशी गुळगुळीत उखळं ओळीने दिसतात. आता घरोघरी मिक्सर आहेत आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही.

मुलांकडे राहायला सॅन डिएगोला येणाऱ्या आईबाबांना एकच सांगणं. प्राणिसंग्रहालय बघा, मिशनही बघा. पण एक दिवस बरोनाला जाऊन तिथलं कुमेयायांनी स्वतः उभारलेलं छोटं संग्रहालय जरूर बघा. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.