तणनाशक फवारताना मेंदूचाही विचार करा

लिंबागणेश परिसरातल्या शेतकरी भावांनो, हे जरा नीट वाचा.

मेंदूत खोलवर डोपामीन बनवणाऱ्या पेशी असतात. त्या मरत गेल्या की पार्किन्सन्स होतो: हात थरथरतो, चाल मंदावते, अक्षर बारीक होतं. थरथर दिसेपर्यंत बऱ्याच पेशी गेलेल्या असतात.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशीही आहेत. इजा झाली की त्या धावून येतात. पण त्या सतत चवताळलेल्या राहिल्या, तर त्यांनी सोडलेली रसायनं शेजारच्या चांगल्या पेशींनाच मारतात. हीच मेंदूतली सूज. पॅराक्वाट या तणनाशकाने प्रयोगशाळेतल्या उंदरांत असंच घडताना दिसलंय. ते वापरणाऱ्यांत पार्किन्सन्सचं प्रमाण जास्त असल्याचं अमेरिकेतल्या अभ्यासांतही आढळलंय. युरोपीय संघात त्याची परवानगी २००७ साली रद्द झाली.

ही सूज थांबवणारं खात्रीचं औषध अजून नाही, म्हणून विष अंगावर न येऊ देणं महत्त्वाचं. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकायची सवय आधी सोडा. हातमोजे, मास्क घाला, वारा पाठीवर घेऊनच फवारा. आणि घरात कुणाचा एक हात थरथरू लागला, तर ‘वय झालं’ म्हणून थांबू नका, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.