एक वाद, दोन देश

लोकशाहीत मतभेद असणे हा दोष नव्हे. परंतु मतभेदाचे रूपांतर वैरात होऊ लागले की त्याची कारणे शोधणे अगत्याचे ठरते. समलिंगी व्यक्तींना विवाहाचा अधिकार असावा की नसावा, हा प्रश्न गेल्या काही दशकांत अनेक देशांपुढे आला. धर्म, कायदा आणि कुटुंब ही तिन्ही त्यात गुंतलेली असल्याने वाद तीव्र होणे स्वाभाविकच होते. तथापि अमेरिका व आयर्लंड या दोन देशांत तो सारख्या रीतीने झाला नाही.

वादग्रस्त प्रश्नाची दुसरी बाजूही श्रोत्यांपुढे ठेवावी, असा दंडक अमेरिकेतील नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांवर १९४९ पासून होता. तो १९८७ मध्ये रद्द झाला. मॅसॅच्युसेट्स राज्यात मे २००४ मध्ये समलिंगी विवाह प्रथम कायदेशीर झाले, आणि त्याच वर्षी २ नोव्हेंबरला, अध्यक्षीय निवडणुकीच्याच दिवशी, ११ राज्यांतील मतदारांनी त्यांना मनाई करणाऱ्या घटनादुरुस्त्या संमत केल्या. विवाहाचा प्रश्न अशा रीतीने पक्षीय झुंजीला जोडला गेला. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील 'प्रपोझिशन ८' या मनाईच्या प्रस्तावावर दोन्ही बाजूंनी मिळून आठ कोटी डॉलरांहून अधिक खर्च केला. शाळांत मुलांना काय शिकविले जाईल, अशी धास्ती घालणाऱ्या जाहिराती दूरचित्रवाणीवर गाजल्या. प्रस्ताव सुमारे ५२ टक्के मतांनी संमत झाला. जाहिरात काही क्षणांत मनात भय किंवा करुणा जागवते. प्रतिपक्षाचे उत्तर ऐकण्याचे बंधन तिच्यावर नसते.

आयर्लंडमधील व्यवस्था निराळी होती. तेथे नभोवाणी व दूरचित्रवाणीवर पैसे देऊन राजकीय जाहिरात करण्यास कायद्याने बंदी आहे. सार्वमतात सरकारने सार्वजनिक पैसा एकाच बाजूच्या प्रचारासाठी वापरू नये, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, घटस्फोटावरील सार्वमताच्या वेळी दिला. समलिंगी विवाहाचा प्रश्न मतदारांकडे जाण्यापूर्वी ६६ सामान्य नागरिक, ३३ लोकप्रतिनिधी व एक अध्यक्ष अशा १०० जणांच्या घटना परिषदेने त्यावर २०१३ मध्ये विचार केला. प्रचारकाळात प्रसारकांना दोन्ही बाजूंना न्याय्य संधी द्यावी लागली.

या चर्चेत माणसेही पुढे आली. आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी जानेवारी २०१५ मध्ये नभोवाणीवरील मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे सांगितले. त्यांचे पितृघराणे मालवण तालुक्यातील वराड गावचे. पुढे २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले. कॅथलिक बिशपांनी विरोधाची भूमिका मांडली, तर माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअॅलीस या श्रद्धाळू कॅथलिक असूनही त्यांनी दुरुस्तीला पाठिंबा दिला. २२ मे २०१५ रोजी सुमारे ६२ टक्के मतदारांनी होकार दिला. ४३ मतदारसंघांपैकी केवळ एकाने नकार दिला. डब्लिनचे आर्चबिशप डायरमिड मार्टिन यांनीही चर्चने वास्तवाकडे डोळे उघडून पाहावे, असे निकालानंतर म्हटले.

हे सारे श्रेय प्रसारनियमांना देणे मात्र योग्य होणार नाही. आयर्लंडमधील प्रमुख पक्ष एकाच बाजूस होते; त्यामुळे पक्षापक्षांत तट पडले नाहीत. त्याच कारणाने नकार देणाऱ्या ३८ टक्क्यांपैकी अनेकांना आपला आवाज क्षीण वाटला असल्यास नवल नाही. समतोलालाही किंमत होतीच. ज्यांच्या सहजीवनाचा हा प्रश्न होता, त्यांना आपली योग्यायोग्यता परक्यांच्या तोंडून दिवसेंदिवस ऐकावी लागली.

अमेरिकेत २६ जून २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हा अधिकार देशभर मान्य केला. कायद्याचा प्रश्न सुटला. मनांतील अंतर राहिले. गॅलप संस्थेच्या २०२५ च्या पाहणीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या ८८ टक्के, तर रिपब्लिकन पक्षाच्या ४१ टक्के अनुयायांनी अशा विवाहांना अनुकूलता दर्शविली. रिपब्लिकनांतील हेच प्रमाण २०२१ मध्ये ५५ टक्के होते. मिळालेला पाठिंबा ओसरूही शकतो, हे यावरून दिसते.

प्रसारमाध्यमे मतभेद नाहीसे करू शकत नाहीत, आणि ते त्यांचे कामही नव्हे. परंतु आपल्या मताच्या माणसाला दुसऱ्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत ऐकविणे त्यांना साध्य आहे. एवढे झाले, तर मतदानाच्या दुसऱ्या दिवशीही शेजारी शेजाऱ्याशी बोलू शकतो.